विषय : रविवार मिळणेबाबत

जावक क्रमांक २१७ हे पत्र मी लिहायला नको होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यावी की नाही या विचारात तुमचा वेळ जायला नको. घेऊ नका. मी स्वतःसुद्धा हल्ली घेत नाही.

ज्यांच्या नशिबी कधी सोसायटीचं सचिवपद आलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो : जावक क्रमांक म्हणजे बाहेर पाठवलेल्या प्रत्येक पत्राला नोंदवहीत दिलेला नंबर. कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सचिव होतो. पोटापाण्यासाठी बेलापूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पण ती नुसती नोकरी. जीव सगळा सचिवपदात. माझ्या आधीचे सचिव लोकांना जिन्यात गाठून सांगायचे, "अहो, तुमचं बाथरूम गळतंय हो." मी हा गावठी कारभार बंद केला. मी पत्र द्यायचो. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, आणि शेवटी, "अन्यथा पुढील कार्यवाही करणे भाग पडेल याची कृपया नोंद घ्यावी." नऊ वर्षांत मी पुढील कार्यवाही कुणावरही केली नाही. ती काय असते हेच मला ठाऊक नव्हतं. पण वरणावर तूप सोडावं तसं ते वाक्य मी प्रत्येक पत्राच्या शेवटी सोडायचो, आणि बिल्डिंगमधली माणसं ते वाचून शांतपणे त्या कागदावर दुधाचा हिशोब मांडायची.

आता घरचं. चारुता, म्हणजे माझी बायको, आणि मी तीन वर्षं वेगळे राहत होतो. का, ते इथे सांगत नाही. ते सांगायला बसलं की एकशे चाळीस पानं होतात. झालीही आहेत, झेरॉक्ससकट. पण आम्ही काही भांडीकुंडी फोडून वेगळे झालो नव्हतो. ती नवीन पनवेलला भाड्याच्या घरात गेली, आमची प्रांजल तिच्याबरोबर गेली, आणि रविवार माझ्या वाट्याला आला. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. रविवारी सकाळी आठला खाली स्कूटीचा हॉर्न वाजायचा, प्रांजल जिना चढून यायची आणि संध्याकाळी मी तिला सोडून यायचो. कधी पोरगी माझ्याकडेच झोपून जायची, मग सोमवारी शाळेत मी सोडायचो. कधी मधल्याच बुधवारी चारुताचा फोन, "अरे, ही तुझ्या हातची खिचडी मागतेय, आणून सोडू का?" शाळेची फी मी भरायचो, डबा ती द्यायची, आणि चपला ज्याच्या वाटेत दुकान लागेल तो घ्यायचा. कुणी काही लिहून ठेवत नव्हतं. इतका अव्यवस्थित कारभार मी सोसायटीत एक दिवस चालू दिला नसता.

खिचडी म्हणजे कोलंबीची. आम्हा कर्णिकांच्या घरात खिचडी म्हटली की मुगाची कुणाच्या डोक्यातही येत नाही. कोलंबी आणायची गंगाबाई. ती उरणकडची, रविवारी सकाळी सातला टोपली घेऊन आमच्या गेटशी बसते. "ताई येनार ना आज?" असं विचारायची आणि अर्धा किलोवर मूठभर जास्त टाकायची. ताई म्हणजे आमची आठ वर्षांची प्रांजल.

त्या जानेवारीत एका रविवारी साडेसातलाच चारुताचा फोन आला. "अरे, ही आज येत नाही. पेणला मावसबहिणीचं केळवण आहे." मी बरं म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. आज अबॅकसची स्पर्धा. मी पुन्हा बरं म्हटलं, पण या खेपेला आवाज जरा पडला. ओट्यावर अर्धा किलो आणि मूठभर सोललेली कोलंबी, आणि घरात मी एकटा. एवढंच झालं होतं. दोन रविवार चुकले होते. माणसानं अशा वेळी नुसतं वाईट वाटून घ्यावं, खिचडी करावी, उरलेली फ्रिजमध्ये ठेवावी. पण मला घरात बसून वाईट वाटून घेता येत नाही. मी जिन्यात जातो, आणि जिन्यात दीनानाथकाका भेटतात.

दीनानाथकाका पहिल्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं जमीन मोजणीत काढल्यामुळे त्यांना जगात कुठेही पाहिलं तरी बांधावरचं भांडणच दिसतं.

"दोन रविवार गेले?" काका म्हणाले. "शैलेश, आज दोन गेले, उद्या चार जातील. मग तिकडून म्हणतील, वहिवाट नव्हतीच."

"काका, रविवारची कसली वहिवाट?"

"सगळ्याची असते. लेखी घे. अरे, तोंडी काय असतं? सख्खे भाऊ पाहिलेत मी. एका ताटात जेवणारे. आंब्याच्या एका झाडापायी हायकोर्टात गेले. का? लेखी नव्हतं."

तेव्हा मला विचारायला सुचलं नाही की लेखी असतं तर ते कुठे गेले असते. उलट माझ्या अंगात एकदम चैतन्य आलं. दोन रविवार आपण नुसते हळहळत बसलो, आणि साधनं तर सगळी घरातच होती! मी वर गेलो, लेटरहेड बाजूला ठेवलं (सोसायटीची स्टेशनरी खाजगी कामाला वापरायची नाही, हा नियम मीच केला होता), कोऱ्या कागदावर पत्र टाइप केलं आणि सवयीनं जावक क्रमांक मात्र सोसायटीच्याच वहीतला टाकला.

"विषय : रविवार मिळणेबाबत. संदर्भ : आपले दि. ७ व १४ रोजीचे दूरध्वनी. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, चि. प्रांजल हिचे दोन रविवार आपणांकडे प्रलंबित आहेत. सदर रविवार पुढील महिन्यात समायोजित करून मिळावेत. याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांचे आत करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करणे भाग पडेल याची कृपया नोंद घ्यावी." खाली, प्रत माहितीस्तव सादर : श्री. सासरे, पेण. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट.

तुम्ही हसाल. हसा. मलाही तेव्हा ते पत्र फार नेटकं वाटलं होतं.

माझे सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या घरी रजिस्टर पत्र शेवटचं आलं होतं ते जमीन जाण्याबद्दल होतं. त्यांनी "पुढील कार्यवाही" वाचली, देवासमोर दिवा लावला आणि चारुताला फोन केला, "तो पोरीला पळवणार आहे." चारुता अकरा वर्षं माझी बायको. तिला माझी पत्रं माहीत होती. पण वडील रडायला लागल्यावर माणसाचं माहीत असलेलंही पातळ होतं. ती एका वकीलबाईंकडे गेली. पाचव्या दिवशी मला सात पानांचं उत्तर आलं. त्यात मी "नोटीस देणार" झालो होतो, प्रांजल "अज्ञान मुलगी" झाली होती, आणि माझा हेतू मुलीस तिच्या आईपासून तोडण्याचा असल्याची दाट शक्यता झाली होती. सबब, तूर्त रविवार बंद.

दोन मागायला गेलो आणि सगळे गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

त्या रविवारी गंगाबाईनं विचारलं, "ताई नाय आली?"

मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. तिनं कोयता बाजूला ठेवला. "मंग आता जावा ना. गाडी काढा नि जावा. बायकोला सांगा, चुकलो, येड्यावानी कागूद लिवला. नि पोरीला घेऊन या. बापाला पोर भेटाला कागूद कशाला पायजे?"

"गंगाबाई, त्यांनी वकिलाकडून उत्तर दिलंय. पत्राचं उत्तर पत्रानंच द्यावं लागतं."

"मंग द्या," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नवीन पनवेल माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं. तेवढी पंधरा मिनिटं मी त्या दिवशी गेलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी गेलो नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. सात पानांत माझ्या पत्राच्या भाषेचं एका ओळीनंही कौतुक नव्हतं.

मग मला म्हसकर वकील मिळाले. झेरॉक्सच्या दुकानावर माळ्यावजा जागेत त्यांचं ऑफिस. माणूस गोड. प्रत्येक वाक्याआधी "होऊन जाईल" आणि प्रत्येक वाक्यानंतर चहा. मी त्यांना म्हटलं, "मला फक्त रविवार हवाय."

"होऊन जाईल. पण साहेब, नुसत्या रविवारचा अर्ज म्हणजे शेपूट झालं. त्याला अंग नको का? आपण घटस्फोटाचा दावा लावू. त्याच्या पोटात रविवार."

"पण मला घटस्फोट नकोय."

"कुणाला हवा असतो? तो मागायचा. मिळायला वेळ लागतो."

एवढा साधा मुद्दा, की जे नको ते मागू नये, तो मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून मांडला असता. तिथे मात्र मी मान हलवली आणि सही केली. चारुताला समन्स गेलं त्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. मी उचलला नाही. म्हसकरांनी सांगितलं होतं, बोलू नका, रेकॉर्ड होतं. फोन पुरता वाजून थांबला. तो तिनं कशासाठी केला होता, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग तारखा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पायरी चढण्यात काहीच अवघड नाही. अवघड आहे ते वरच्या बाकावर बसणं. एका तारखेला साहेब रजेवर, एका तारखेला वकीलबाई रजेवर, एका तारखेला दोघं हजर तर फाइल दुसऱ्या टेबलावर गेलेली. मी बाकावर बसून लोकांच्या अर्जातल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करायचो. समोरच्या बाकावर चारुता बसायची. पहिल्या दोन तारखांना तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिसरीपासून वकीलबाईंनी सांगितलं असावं. तिनं मोबाइल बघायला सुरुवात केली.

तिकडून पोटगीचा अर्ज आला, प्रांजलच्या खर्चाचा आला आणि दाव्याच्या खर्चाचाही आला. म्हणजे माझ्याविरुद्ध भांडायला लागणारे पैसे मी द्यायचे. मी म्हसकरांना विचारलं, "हे कायद्यात आहे?"

"आहे ना. चांगला कायदा आहे. तिनं कुठून आणायचे? क्लासमध्ये शिकवून बारा हजार मिळतात तिला, आणि दावा तर तुम्ही लावलाय."

आपल्याच वकिलानं इतकं खरं बोलू नये. पण बोलला ते बरोबरच होतं.

त्यासाठी दोघांनी आपापल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. लोक म्हणे यात लपवालपवी करतात. मी करणार? मी मिक्सर लिहिला, त्याचं एक भांडं फुटल्याचं लिहिलं, स्कूटरला मागून पोचा असल्याचं लिहिलं. आणि बँक खात्यांच्या रकान्यात, काही राहायला नको म्हणून, जिथे जिथे माझी सही चालते ती सगळी खाती लिहिली. त्यात सोसायटीचं खातंही आलं. अध्यक्ष आणि सचिव, संयुक्त सही. शिल्लक अठरा लाख, इमारतीच्या रंगाचा निधी.

म्हसकरांनी ते वाचलं नाही. वकीलबाईंनी वाचलं. पुढच्या तारखेला त्या उठल्या आणि कोर्टाला म्हणाल्या, अर्जदार स्वतःला साधा नोकरदार म्हणवतो, पण याच्याकडे अठरा लाखांचं खातं आहे आणि त्यात दरमहा चव्वेचाळीस वेगवेगळी माणसं पैसे भरतात, हा नक्की धंदा काय आहे? कोर्टात बसलेली सगळी माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. चारुतानं हातानं तोंड झाकलं. तिला हसू आवरत नव्हतं. एका क्षणासाठी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो असतो. पण मी दुखावलो होतो, म्हणून मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं.

ते पैसे माझे नाहीत असा दाखला सोसायटीकडून आणायचा हुकूम झाला. दाखल्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा. सभेची सूचना काढायची कुणी? सचिवानं. इतिवृत्त लिहायचं कुणी? सचिवानं. "विषय क्र. १ : सचिवांच्या कौटुंबिक वादात सोसायटीचा रंग अडकल्याबाबत चर्चा करणे." हे मीच टाइप केलं, मीच नोटीस बोर्डावर लावलं, टाचण्या सरळ आहेत ना तेही पाहिलं.

सभा रंगली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोरम वेळेवर झाला. बी विंगमधले काशीराम पाटील उठून म्हणाले, "कर्णिकसायेब, आमी बायकोशी भांडतो, पण बिल्डिंगच्या पैशानं नाय भांडत." मी ते इतिवृत्तात शब्दशः घेतलं. मग कुणीतरी सुचवलं की सचिवांना सध्या घरचा व्याप असल्याने त्यांना मोकळं करावं. सूचना दीनानाथकाकांची. अनुमोदन सगळ्यांचं. नवे सचिव कोण? दीनानाथकाका. मी इतिवृत्त पूर्ण केलं, सही केली आणि जावक नोंदवही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाळली, २१७ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय? रविवार? हा तर सोसायटीचा विषय नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, काका. लेखी घे."

"मी म्हटलं घे. दे कुठे म्हटलं?" काका म्हणाले. 

पण सगळ्यात मोठी चूक यापुढची आहे. आत्तापर्यंतच्या चुका कुणी माफ करील. ही नाही.

कोर्टानं आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थ म्हणजे एक पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी दोघांना समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

चारुता म्हणाली, "मला काहीच नको होतं. सगळं नीट चाललं होतं. एक दिवस पत्र आलं." मग माझ्याकडे वळून, सात महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलली. "तू फोन का नाही केलास रे? आरडाओरडा केला असतास तरी चाललं असतं."

मी काय सांगणार? मी म्हटलं, "चुकलं माझं." देवाशप्पथ म्हटलं. त्या खोलीत त्या वेळी मी ते म्हटलं होतं, हे मला कधीकधी आठवून बरं वाटतं.

गृहस्थांनी चार ओळींचा कागद केला. दावे दोन्हीकडून मागे. प्रांजलच्या खर्चाचा ठरावीक आकडा. आणि, "मुलगी दर रविवारी वडिलांकडे जाईल, उभयतांच्या सोयीनुसार." चारुतानं वाचलं आणि सही केली. पेन माझ्याकडे आलं. मी टोपण काढलं. सगळं संपलं होतं. पुढच्या रविवारी स्कूटीचा हॉर्न वाजणार होता. आणि माझ्यातला पदच्युत सचिव जागा झाला.

"सोयीनुसार म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं.

"दोघांच्या," गृहस्थ म्हणाले.

"पण दोघांच्या सोयी जुळल्या नाहीत तर? पूर्वसूचना किती तासांची? हे मोघम आहे. मी जरा नीट करून आणतो."

गृहस्थ म्हणाले, "कर्णिक, काही गोष्टी मोघमच बऱ्या असतात." मी हसलो. नऊ वर्षं सचिव राहिलेल्या माणसाला हे सांगता?

पुढच्या बैठकीला मी अकरा कलमांचा मसुदा तीन प्रतींत नेला. चारुता सहाव्या कलमापर्यंत पोचली. "मुलीस ताप असल्यास, शंभर अंशांपर्यंत रविवार ग्राह्य धरावा, त्यावरील तापास डॉक्टरांचा दाखला जोडावा." तिनं कागद खाली ठेवला.

"तुला ती नकोच आहे, शैलेश," ती म्हणाली. "तुला रविवारचा ताबा हवाय. फ्लॅटचा घेतात तसा."

तिनं आपली सही मागे घेतली. आणि मी? मी रागावलो! अकरा कलमांत माझ्या जिवाचा आटापिटा होता, आणि हिला त्यात ताबा दिसला. आज तो मसुदा वाचला की मलाही ताबाच दिसतो. पोरीला ताप आला तर तिच्या कपाळावर हात ठेवावा हे अकरा कलमांत कुठेच नव्हतं.

मग निकाल झाला, तात्पुरता. प्रांजलसाठी दरमहा दहा हजार, चारुताला चार, आणि दाव्याच्या खर्चापोटी पंचवीस हजार. हे सगळं रास्त होतं, यातलं बरंच मी पूर्वी न मोजता करत होतो. आणि भेट. मी रविवार मागितला होता. पण भेट व्हायची कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, आणि कोर्टाला रविवारी सुट्टी. म्हणून पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक.

म्हसकर म्हणाले, "अभिनंदन साहेब! लेखी मिळालं."

मुलांची खोली म्हणजे एक सतरंजी, एक घसरगुंडी, तीन चाकांचा एक ट्रक आणि दाराशी टेबलावर भेटीची नोंदवही. नाव, नातं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. नोंदवही व्यवस्थित ठेवलेली होती, माझ्याकडून तक्रार नाही. प्रांजल तेव्हा साडेनऊची झाली होती. पहिल्या शनिवारी ती सतरंजीवर माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाबा, आपण काय करायचं असतं इथे?" मी डब्यातून खिचडी नेली होती. बाहेरचं खाणं आत चालत नाही असा बोर्ड होता. नियम तो नियम. डबा पिशवीतच राहिला.

एकदा चारुता तिला पंधरा मिनिटं उशिरा घेऊन आली. मी अर्ज दिला. एकदा माझ्याकडून दहा मिनिटं जास्त झाली, तिकडून अर्ज आला. दोन्ही अर्जांवर तिथल्या समुपदेशक बाईंनी प्रांजलला एकटीला बोलावून विचारलं, कोण उशिरा आलं होतं? ती म्हणाली, "कुणीच नाही. इथलं घड्याळ पुढे असेल." हे मला बाईंनी सांगितलं. मी घरी येऊन दिवे न लावता बसून राहिलो. काय केलं मी हे? पोरीला खोटं बोलायला लावलं, तेही इतकं हुशारीनं.

आता परवाचा शनिवार. प्रांजल आता दहा वर्षांची आहे. दोन तास नेहमीसारखे गेले. मी शाळेचं विचारलं तेवढं तिनं सांगितलं, मी सांगितलं तेवढं तिनं ऐकलं, ट्रक इकडून तिकडे नेला. एकला पाच कमी असताना तिनं स्वतःच दप्तर भरलं. एक वाजला. चारुता आली नाही. मग माझ्या फोनवर तिचा निरोप आला, म्हसकर आणि वकीलबाई दोघांचा नियम मोडून. "पेणहून येतेय. पळस्प्याला कंटेनर आडवा झालाय. अडकलेय."

समुपदेशक बाई म्हणाल्या, "बसा, मी डबा खाते," आणि त्या बाहेरच्या बाकावर गेल्या.

प्रांजल घड्याळाकडे बघत बसली. एक पाच. एक दहा.

"बाबा, ही जास्तीची मिनिटं पुढच्या शनिवारातून कापतील?"

"नाही गं."

"नक्की? लेखी आहे?"

"लेखी नाही. अशीच मिळाली."

"अशीच?"

"हो. आईला उशीर झाला, म्हणून अशीच."

 तिनं दप्तर खाली ठेवलं, माझ्याजवळ सरकली आणि बोलायलाच लागली. मागचा दात हलतोय. वर्गातला राजस रोज तिची पट्टी घेतो. आजोबांना आता ऐकू येत नाही, म्हणून ती त्यांना पेपर ओरडून वाचून दाखवते. घरी तिच्या चपलांचा अंगठा तुटला होता तो आईनं शिवून आणला. मी पिशवीतून डबा काढला. बाहेरचं खाणं चालत नाही असा बोर्ड आमच्या डोक्यावर होता आणि आम्ही त्याच्याखाली बसून एकाच चमच्यानं थंड खिचडी खाल्ली. तिनं कोलंबी वेचून वेचून खाल्ली आणि भात माझ्याकडे ढकलला, लहानपणी ढकलायची तसा. चाळीस मिनिटं. गेल्या दीड वर्षात मला कोर्टानं, वकिलांनी, कायद्यानं मिळून जेवढं दिलं नाही तेवढं त्या आडव्या पडलेल्या कंटेनरनं दिलं.

एक चाळीसला चारुता धापा टाकत आली. केस विस्कटलेले, ओढणी खांद्यावरून घसरलेली. आधी तिनं आम्हाला पाहिलं, मग रिकामा डबा पाहिला, मग भिंतीवरचं घड्याळ.

"सॉरी. खरंच जाम होता. फोटो काढलाय मी पळस्प्याचा, दाखवते." तिनं मोबाइल पुढे केला. "तू अर्ज देणार आहेस का?"

इतकी वर्षं जी बाई माझ्या पत्रांना हसायची, ती आता मला पुरावा दाखवत होती.

"नाही," मी म्हटलं. "फोटो नको दाखवूस."

तेवढ्यात प्रांजल टेबलाजवळ गेली, नोंदवही उघडली, आणि "गेल्याची वेळ" या रकान्यात आपल्या गोल अक्षरात लिहिलं : १.००. मग पेन माझ्यापुढे धरलं.

बाई डबा घेऊन आत आल्या. त्यांनी वहीत पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

नऊ वर्षांत मी एक खोटी नोंद केली नव्हती. पाण्याच्या टँकरची वेळसुद्धा मिनिटासकट. मी पेन घेतलं आणि दहा वर्षांच्या माझ्या मुलीनं आईबापांना एकमेकांपासून वाचवायला लिहिलेल्या त्या खोट्या वेळेसमोर सही केली.

खाली स्कूटीपाशी चारुता हेल्मेट घालता घालता थांबली. "उद्या..." म्हणाली. उद्या रविवार होता. मग म्हणाली, "वकीलबाईंना विचारते."

"बरं," मी म्हटलं.

स्कूटी गेटपर्यंत गेली आणि थांबली. प्रांजल उतरून पळत परत आली. मला वाटलं काही विसरली. ती माझ्या शर्टाला धरून, पायांच्या बोटांवर उभी राहून कानात म्हणाली, "बाबा, आज मज्जा आली. पण तू आता याच्याबद्दल कुणाला पत्र लिहू नकोस हां."

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

ती पळत गेली. रविवारी सकाळी गंगाबाईकडून मी अर्धा किलो कोलंबी घेतली, सोलून ठेवली आणि दुपारपर्यंत खिडकीत बसलो. फोन आला नाही. तेव्हा मी हे लिहायला घेतलं. प्रॉमिस मोडलेलं नाही. हे पत्र नाही, यात कुणाकडे काही मागितलेलं नाही, आणि याला मी जावक क्रमांक दिलेला नाही.